क्लचची प्लेट घेऊन उमरग्याला

परंडा सोडताना किल्ल्याच्या बुरुजावर ऊन नुकतंच चढत होतं. माझा पारा त्याच्या आधीच चढलेला होता. डिकीत गोणपाटात गुंडाळलेली एक जळकी क्लच-प्लेट होती आणि ती घेऊन मी धाकट्या बहिणीच्या, शालनच्या घरी उमरग्याला निघालो होतो. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा हा प्रवास मी भांडायला केला, हे आधीच सांगून टाकतो.

ही गाडी मी शालनच्या नवऱ्याकडून घेतली. दाजी पतसंस्थेत नोकरीला, गाडी धुऊन-पुसून ठेवणारे. "क्लच आत्ताच नवा टाकलाय," असं म्हणाले होते. पावसाळा सरेपर्यंत गाडी चढाला रडायला लागली. इंजिन बोंबलायचं, चाकं ढिम्म. परंड्याच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवून प्लेट माझ्या हातात दिली तेव्हा ती काळी ठिक्कर पडलेली, झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली होती. आठवडी बाजारात विहिरीवरच्या जुन्या मोटारी विकत विकत मी पाण्याच्या पंपांचं दुकान उभं केलं आहे. मला सौद्यात फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं चारचौघांत सांगत आलो आहे. आणि फसवलं तर घरच्याच जावयानं! फोनवर मी दाजींना नको ते बोललो. शालननं फोन काढून घेतला.

"दादा, ती प्लेट घिऊन माझ्या दारात आलास तर पुन्यांदा यायचं न्हाय. मी बी परंड्याला पाय ठिवणार न्हाय."

बहीण तुटेल हे कळत होतं. तरी निघालो. कुणी दार दाखवलं की मला आत शिरायचीच हुक्की येते.

गाडी तात्या चालवत होते. तात्या म्हणजे माझे चुलते. वडील लवकर गेले, आम्हा दोघांना त्यांनीच वाढवलं, शालनचं कन्यादानही त्यांनीच केलं. सारी हयात उसाच्या ट्रॅक्टरवर गेली. आता ट्रॅक्टर मुलांकडे आहे, म्हणून लांबच्या रस्त्याला माझी गाडी त्यांच्या हातात आणि गावातल्या गावात माझ्या. एरवी मी मागं बसून फोनवर गिऱ्हाइकं सांभाळतो. पण तात्यांनी मागची सीट शालनसाठी भरली होती. ज्वारीचं पोतं, भूमचा खवा, शेंगा.

"भांडायला चाललोय आपण," मी म्हणालो.

"भांडान तुजं. पोरीला रिकाम्या हातानं भेटू व्हय? आन् जावायानं फसवलंय खरं, मी बी बोलणार हाय त्याला."

म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदा तात्यांच्या शेजारी बसलो.

बार्शीत चहा घेतला. पुढं रामलिंगच्या घाटात बालाघाटाची चढण सुरू झाली. झाडी पानगळीनं विरळ झालेली, उतारावर पिवळं गवत, आणि वर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. एक ट्रॉली वळणावर अडकली नि मागं रांग लागली. गाड्या हातभर सरकायच्या, पुन्हा थांबायच्या. तेवढ्यात एका माकडानं माझ्या मांडीवरचे धपाटे (ज्वारीच्या पिठात मिरची-लसूण घालून थापलेली, तव्यावर भाजलेली भाकरी) फडक्यासकट उचलले आणि झाडावर बसून फडकं सावकाश सोडलं. मी शिव्या दिल्या. तात्या पोट धरून हसले.

"बघ, गाडी जागची हालती का?" ते म्हणाले.

गाडी भर चढावर उभी होती. ब्रेकवर पाय नाही, हँडब्रेकला हात नाही. डावा पाय अर्ध्या क्लचवर, उजवा रेसवर, आणि गाडी तराजूच्या काट्यासारखी तोललेली. पुढं नाही, मागं नाही.

"भरल्या ट्रॉल्या अशाच धरून ठिवायचो. कारखान्याच्या गेटला लोकं बघाय थांबायची."

मला वास आला. जळक्या रबराचा, थोडा केसांसारखा. परंड्यात महिन्यापूर्वी बसवलेल्या कोऱ्या प्लेटचा वास. ही प्लेट दाजींनी टाकलेली नव्हती.

रांग सुटली. सपाटीला लागल्यावर मी फोन हातात धरून खाली बघत राहिलो. तात्यांचा डावा पाय क्लचवरून हललाच नाही. येडशी गेलं, धाराशिव गेलं, पाय तिथंच, पाटावर ठेवावा तसा. ट्रॅक्टरचं मला ठाऊक आहे. त्याचा क्लच दोन टप्प्यांचा असतो. अर्धा दाबला की चाकं थांबतात आणि मागचं मळणीयंत्र फिरत राहतं, पूर्ण दाबला की तेही थांबतं. म्हणून पाय कायम तयार ठेवायचा. स्प्रिंग इतकी दणकट की नुसत्या पायाच्या वजनाला ती दाद देत नाही. गाडीचा क्लच मात्र नाजूक. पायाचं वजन पडलं की प्लेट किंचित सुटते, घासते, तापते. बाहेरून काही कळत नाही. वॉशर गेलेल्या नळासारखं ते रात्रंदिवस गळत राहतं.

"तात्या, पाय अवघडत न्हाय का क्लचवर?"

"अवघडायला काय झालं? तुजा जन्म व्हायच्या आदी बसलोय स्टेरिंगला. मला शिकवतूस?"

आवाज असा चढला की मी गप्प झालो. गप्प बसणं मला जमत नाही. तुळजापूरला देवीच्या दिशेनं त्यांनी चाकावरूनच हात जोडले तेव्हा बोलावंसं वाटलं. पुढं वळणावळणाला वाटलं. पण बोललो तर काय होईल हे दिसत होतं. जावयाला खोटा ठरवणाऱ्यांत तात्याही होते. सोयऱ्यांत त्यांनी ते सांगितलंही होतं. आता त्याच जावयाच्या उंबऱ्यात, 'पाय माझाच होता' असं त्यांना म्हणावं लागलं असतं, आणि मग त्यांनी पुन्हा चावी हातात घेतली नसती. ट्रॅक्टर गेल्यापासून तेवढंच एक त्यांना उरलं होतं. आणि नाही बोललो, तर दाजी चोर ठरत होते नि शालन जात होती.

नळदुर्गला हायवेच्या ढाब्यावर जेवलो. कडक भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी. पिठलं गार होतं म्हणून मी ते परत पाठवलं, कारण कुणावर तरी ओरडायचं होतंच. आमच्या गाडीशेजारी ट्रकचा टायर ठोकून बघणारा एक ड्रायव्हर नाक वर करून म्हणाला, "क्लच भाजलाय जणू, मालक?"

"डांबराचा वास हाय त्यो," तात्या म्हणाले. "नवा रस्ता हाय न्हवं."

ड्रायव्हरनं जुन्या, पांढऱ्या पडलेल्या रस्त्याकडं पाहिलं, मग तात्यांच्या वयाकडं, आणि म्हणाला, "आसंल बा."

त्या परक्या माणसाला जे एका नजरेत सुचलं, ते मला उमरग्यापर्यंत सुचलं नाही.

शालन दारातच उभी होती. तात्यांच्या पाया पडली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आणलीस का प्लेट?"

"डिकीत हाय."

"मग तितंच ऱ्हाऊ दे. चहा पिऊन जा."

दाजी आतून आले. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले. "भागवतराव, मी नवी प्लेट टाकली होती. पण दुकानदारानं मलाच हलकी दिली असंल तर सांगता येत न्हाय. वाद नको. नव्या क्लचचा सगळा खर्च माझ्याकडं लागला. शालनचं माहेर तेवढं तुटू देऊ नका."

मी मागायला आलो होतो ते सगळं, घासाघीस न करता, समोर ठेवलं होतं. असा सौदा मला आयुष्यात मिळालेला नाही. शालन नवऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जी लाज होती ती त्याच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. तात्यांनी घसा साफ केला. ते आता जावयाला सुनावणार होते.

"नको," मी म्हणालो.

"काय नको?"

"खर्च नको. प्लेट चांगलीच होती. माझा पाय क्लचवर असतो, दाजी. सवय लागलीय. काल मिस्त्री बोलला तवा कळलं."

मग शालन हसायला लागली. "मोटारपंप इकतूस आन् सवताच्या पायाचं वजन कळत न्हाय तुला? आन् ह्यांना चोर म्हणालास!"

दाजी हसले नाहीत, पण मोकळे झाले. एवढे मोकळे झाले की जेवण होईपर्यंत मला शिकवत राहिले. क्लच पूर्ण दाबायचा, पूर्ण सोडायचा. गिअर बदलला की पाय बाजूला. चढावर हँडब्रेक. थांबायचं असेल तर न्यूट्रल. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची नाही. शेजारच्यांना बोलावून पुन्हा सांगितलं. माझी कानशिलं तापली होती. मी भात कालवत राहिलो. तात्या ऐकत जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तात्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. "तू चालव. मला बघू दे."

उमरगा सुटलं नि सुरू झालं. "पाय!" मी पाय उचलायचो. थोड्या वेळानं पुन्हा, "पाय! कुठं ठिवलास?" माझा पाय खालीच असायचा. तरी, "व्हय, तात्या," म्हणायचो. नळदुर्ग गेलं, तुळजापूर आलं. तिथं दर्शनाच्या गाड्यांची रांग, आणि ती चढावर. माझी गाडी किंचित मागं सरकली.

"ऊठ," तात्या म्हणाले. "तुला जमायचं न्हाय. दाखवतो."

जागा बदलल्या. तात्यांनी हँडब्रेक खस्सकन ओढला, गाडी न्यूट्रल केली आणि डावा पाय क्लचवरून काढून लांब, दाराच्या बाजूला टेकवला. रांग हलली की क्लच तळापर्यंत, गिअर, हँडब्रेक खाली, पाय परत बाजूला. "आसं. समजलं का?"

"समजलं."

मग येडशी, तो घाट, बार्शी, थेट परंड्यापर्यंत ते मला दाखवत राहिले. वास आला नाही. त्यांना खरंच वाटलं होतं का, की पाय माझाच होता? मी त्यांच्याकडं पाहिलं, ते रस्त्याकडं बघत होते. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

दाजींवरचा माझा राग पुरता गेलेला नाही. शिकवणी जरा कमी केली असती तरी चाललं असतं. आता उमरग्याला मी क्लच जाळणारा मेहुणा म्हणून ओळखला जातो, आणि ही गोष्ट शालन दिवाळीला परंड्यात येऊन गल्लीभर सांगणार आहे.

येऊ दे. सांगू दे.