ब्रेमर बेची म्हातारी

आईला ऑर्का व्हेल दाखवायला नेण्यामागे माझा हेतू काही शुद्ध नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तिचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं आणि मला ती जायला नको होती. बाबा गेल्यापासून ती मिरजेत एकटी. मी मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये. चार बेडरूमचं घर, त्यातली एक खोली तिच्यासाठीच सजवलेली. तिने कायमचं इथे राहावं म्हणून व्हिसाचा फॉर्म मी तिला न विचारताच भरून ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

"लेकीकडे किती दिवस राहायचं गं?" एवढंच ती म्हणायची. तीन महिने हे एकच वाक्य. आणि ते ऐकलं की मी भडकायची. राग माझ्या नाकावरच असतो. "कुठल्या जमान्यात आहेस, आई? पस्तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होतीस, भल्याभल्या डॉक्टरांना झापायचीस, आणि लेकीच्या घरचं पाणी चालत नाही तुला?" ती नुसती हसायची आणि मेथी निवडायला घ्यायची. मग मी दार आपटून मीटिंगला बसायची.

अशातच एकदा ऑफिसमधला एक जण सांगू लागला की इथला उन्हाळा कलला की वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रेमर बेच्या बाहेर, ऑर्कांची कुटुंबंच्या कुटुंबं जमतात. आणि त्यांच्यात म्हणे मुलगा काय, मुलगी काय, आईला जन्मभर सोडत नाहीत. मी कान टवकारले. बोलून जे पटत नाही ते डोळ्यांना दिसलं की पटेल, असं माझं गणित. मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आईला पटवणं हाही मी प्रोजेक्टच करून टाकला होता. रात्री बसून बुकिंग केलं.

मार्चमध्ये आम्ही तिघी निघालो: मी, आई आणि माझी अकरा वर्षांची लेक. नवऱ्याला सुट्टी नव्हती. पर्थपर्यंत विमान, मग भाड्याची गाडी, आणि मग दिवसभर नुसता रस्ता. कापणी झालेली गव्हाची पिवळी रानं संपता संपेनात. "इतकी जमीन आणि माणूस एक नाही," आई दर अर्ध्या तासाने म्हणत होती. तिच्या आवाजात कौतुक होतं की कीव, ते मला कळलं नाही.

बोटीच्या दिवशी सकाळी मी काही खाल्लं नाही. पोट रिकामं असलं की उलटी होणार नाही, हा माझा शहाणपणा. आईने आदल्या दिवशीचे धपाटे काढले, स्वतः खाल्ले, नातीला खायला लावले. "उपाशी पोटी बोटीत बसतात का गं?" ती म्हणाली. "आई, प्लीज," मी म्हणाले. घरी मी हे दिवसातून वीसदा म्हणते.

किनारा दिसेनासा व्हायच्या आत मी कठड्याला लटकले होते. लाटा अशा की बोट वर जायची आणि पोट खालीच राहायचं. आईने एका हाताने माझं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने पर्समधून आलेपाकाची वडी काढून माझ्या तोंडात घातली. "चावू नको. चघळ. लांब बघ." मला हायसं वाटतंय तोवर शेजारचा धिप्पाड माणूस, दोन्ही दंडांवर टॅटू, पांढराफटक पडला. आई त्याच्याकडे वळली आणि तिच्या वॉर्डातल्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "डोन्ट च्यू. ओन्ली सक. लुक फार." त्याने निमूट ऐकलं. मग आणखी दोघं, मग एक म्हातारं जोडपं. कठड्याला धरत धरत, पंजाबी ड्रेसवर माझं जॅकेट घालून, ती सगळ्या बोटीवर राऊंड घेत फिरली. सगळे तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे तोंड उघडत होते. बोटीवरची गाइड, पंचविशीतली मुलगी, तिला म्हणाली, "यू आर अ लेजंड!" मी कठड्याशी बसून बघत राहिले. घरात माझ्यामागे हळूहळू चालणारी बाई ती हीच का, असा विचार मनात आला खरा, पण मळमळत होतं, तेव्हा तो तिथेच राहिला.

दोनेक तासांनी गाइडने सांगितलं की इथे समुद्राचा तळ एकदम खाली कोसळतो, खोल घळी आहेत, आणि त्या घळींतून खाणं वर येतं. तिचं बोलणं संपतंय तोच लेक ओरडली, "आजी, लुक! लुक!"

पाण्यातून काळा सुळका वर आला. येतच राहिला. माणसाच्या उंचीचा, पाठीवरचा पर होता तो, नराचा. खाली केवढा देह असेल याचा अंदाज करेपर्यंत त्याने श्वास सोडला: कुकरचं झाकण घाईने काढावं तसा फुस्स. मग दुसरा, तिसरा, मग डावीकडे, उजवीकडे, बोटीच्या मागे. बाई गं! मी आयुष्यात इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. फोटोत पाहिलेलं काळं-पांढरं किती सपाट असतं. इथे त्या काळ्या पाठीवरून पाणी ओघळताना ऊन असं सरकत होतं की बघतच राहावं. मी मोबाइल काढला होता, तो तसाच हातात राहिला. मळमळ कुठल्या कुठे गेली.

बोटीचं इंजिन बंद झालं. त्यांनी नुकतीच शिकार केली होती. पाण्यावर तेलाचा तवंग आला होता आणि त्यावर अल्बट्रॉस पक्षी भांडत होते. गाइड हळू आवाजात एकेकाची ओळख करून देऊ लागली. सगळ्यांत पुढची, परावर खाच असलेली, ती म्हातारी. तिला हे बोटवाले दर वर्षी बघतात. तिच्या दोन्ही बाजूंचे ते अजस्र नर, ते तिचे मुलगे. मागे तिच्या मुली, आणि एकीच्या कुशीला चिकटलेलं पिल्लू, पांढऱ्याच्या जागी अजून नारिंगी झाक असलेलं. म्हातारी वर आली तेव्हा तिच्या तोंडात मांसाचा मोठा तुकडा होता. शेजारच्या मुलाने त्याचं एक टोक धरलं आणि दोघांनी ओढून तो वाटून घेतला. आईच्या दुप्पट दिसणारा बाप्या, आणि आईच्या तोंडचा घास घेतोय! मला हसू आलं आणि डोळेही भरले.

मग म्हातारी बोटीकडे आली. अगदी खालून गेली, कुशीवर वळली आणि वर बघितलं. तो मोठा पांढरा ठिपका म्हणजे डोळा असं मी समजत होते. खरा डोळा त्याच्या पुढे असतो, बारीकसा, काळ्यात काळा. "शी लुक्ड ॲट अस," लेक कुजबुजली. तो टॅटूवाला डोळे पुसत होता.

दुसऱ्या समुद्रांत जिथे ऑर्कांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, गाइड सांगत होती, तिथे मुलं-मुली जन्मभर आईबरोबर राहतात आणि खाण्याची टंचाई पडली की म्हाताऱ्या माद्या वाट दाखवतात. इथल्यांचा अभ्यास अजून चाललाय, पण तुम्हीच बघा ना.

हाच तो क्षण! मी आईचा दंड धरला. "ऐकलंस? जन्मभर आईजवळ. मुलगा, मुलगी, सगळे. त्यांना नाही वाटत लेकीकडे कसं राहायचं म्हणून."

तिने पाण्यावरची नजर काढली नाही. "पोरं आईजवळ राहतात म्हणाली ती. आई कुठे गेलीय पोरांकडे राहायला?"

"तेच ते, आई."

"तेच कसं? तिला इथलं पाणी माहितीय. खोल कुठे, खाणं कुठे, सगळं. म्हणून ते एवढे दांडगे तिच्या मागून चाललेत." मग ती माझ्याकडे वळली. "मिरजेत मला ठाऊक असतं कोणाचं बीपी वाढलंय, कोणाची सून अडलीय. अर्धी गल्ली सकाळी माझ्याकडे येऊन जाते. तुझ्याकडे मला दूध आणायलासुद्धा तुझी गाडी लागते. तू मीटिंगमधून उठेपर्यंत मी पर्स घेऊन दारात बसलेली असते. आजारी नाही, काही नाही, नुसती बसलेली."

"मग लेकीच्या घरचं पाणी..."

"ते तूच म्हणालीस. दर वेळी तूच म्हणालीस. मी कुठे?"

मी आठवून पाहिलं. खरंच, ती कधीच म्हणाली नव्हती. तीन महिने मी जुन्या रूढीशी भांडत होते आणि ती रूढी माझ्याच डोक्यात होती. लाज वाटली मला. एवढी मोठी माणसं मॅनेज करते म्हणून मिरवते, आणि घरातल्या बाईला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की तुझा दिवस कसा जातो.

ऑर्का तासभर आमच्याभोवती होते. मग म्हातारीने एकदा मोठा श्वास टाकला आणि दक्षिणेकडे वळली, आणि काय सांगू, कोणी हाक मारली नाही, कोणी वळून पाहिलं नाही, पण ते सगळे काळे पर एकामागून एक तिच्या दिशेला फिरले. पिल्लूसुद्धा. आई हात जोडून उभी होती. मीही जोडले.

धक्क्यावर उतरल्यावर लेक पळत टॉयलेटला गेली आणि आम्ही दोघी गाडीपाशी थांबलो. तिथे माझा बांध फुटला. "तिकडे तुला काही झालं तर? पडलीस, रात्री दुखायला लागलं तर? मला विमानाने यायला पूर्ण दिवस लागतो, आई! फोन वाजला की आधी मिरजेचा नंबर आहे का बघते."

"होईलच की काहीतरी, कधीतरी," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "खरं सांग. तुला मी हवीय, का तुझी काळजी मिटायला हवीय?"

दोन्ही, असं म्हणणार होते. पण तिच्यासमोर खोटं कधीच जमलेलं नाही. "काळजी," मी म्हणाले.

"मग कर की काळजी," आई म्हणाली आणि आपल्या ओढणीने तिने माझं नाक पुसलं. "आईची काळजी करायची नाही तर कोणाची करायची? ती मिटवायला मला इथे आणून बसवू नको."

एप्रिलमध्ये ती गेली. मी काळजी करते. रोज करते.