आठशे सत्तेचाळीस डोकी

शकूताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती भरलेल्या बसमध्ये, आणि ती माझ्या अजिबात सोयीची नव्हती. मी अकरावीत होतो, गावाहून चांदवडला कॉलेजला जायचो. गाडी निघाली आणि शंभर पावलांवर घंटी वाजून पुन्हा थांबली. पुढच्या दाराशी खाकी साडीतल्या कंडक्टरबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत उभ्या होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "एक डोकं जास्त हाय." ते डोकं माझं होतं. पास संपून चार दिवस झाले होते आणि मी मागच्या सीटवर एका पाटीच्या आड मान घालून बसलो होतो. त्यांनी मला शोधलं नाही. घंटीची दोरी हातात धरून उभ्या राहिल्या. "मला घाई नाय. ज्याचं डोकं हाय त्यानं सांगावं." दोन मिनिटांत मीच उठलो. त्यानंतर वर्षभर बसमध्ये चढलो की त्या "या, जास्तीचे" म्हणून माझं स्वागत करायच्या.

ताई आमच्याच गावच्या. आता लेकीकडे देवळाली कॅम्पला असतात, पण गावात त्यांचं नाव निघालं नाही असा दिवस जात नाही. सरपंच बसला असो, वणीला निघालेलं बिऱ्हाड असो की नवरीचं वऱ्हाड, त्यांचा हिशेब एकच. "मी डोकी मोजते, तोंडं नाय पाहत." एकदा तपासणीच्या साहेबांनी गाडी अडवली. साहेबांची डोकी भरली बासष्ट, ताईंची एकसष्ट. साहेबांचा पारा चढला. ताईंनी सगळी गाडी ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "सायब, तुम्ही सोताला धरलं." साहेब खाली उतरले, आणि डोकी जुळली.

दुसरं एक वाक्य त्यांनी नोकरीतून घरी आणलं होतं. "उतरणाऱ्याला आधी उतरू द्या." हे त्या कुठेही वापरत. पंगतीत वापरत, सासूसुनेच्या भांडणात वापरत, आणि आमच्या आमदारांबद्दल तर फार मनापासून वापरत. आमदार पंधरा वर्षं निवडून येत होते आणि गावात शेवटचे कधी आले होते हे सांगायला म्हातारी माणसं लागत. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभ्या होत्या वैशालीताई, पेशाने नर्स, गेल्या खेपेला थोडक्यात पडलेल्या. त्यांनी आमच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या शकूताईंना बसवायचं ठरवलं तेव्हा पोरांनी नाकं मुरडली. आमच्याकडे पोलिंग एजंट म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी मिरवणारा आणि दुपारी जेवायला गेला की मतदान संपतानाच उगवणारा प्राणी. ताई डबा घेऊन गेल्या आणि दिवसभर जागच्या हलल्या नाहीत.

मी सातपूरच्या कंपनीतून सुट्टी काढून मतदानाला आलो होतो. कांद्याच्या लागवडीचे दिवस. रोपं अर्धी लावून बायका बांधावरून थेट शाळेत येत होत्या. बोटाला माती इतकी की शाई लावणारा कर्मचारी आधी ओल्या फडक्याने बोट पुसत होता. आमच्या गावात एवढं मतदान पूर्वी कधी झालं नव्हतं. ताईंनी आदल्या दोन दिवसांत वाडीवस्तीवर जाऊन एकेकीला बजावलं होतं, "सीट धरून ठेवली हाय तुझी. आली नाहीस तर रिकामी जाईल."

संध्याकाळी मतदान संपलं आणि मी ताईंना घरी न्यायला शाळेच्या व्हरांड्यात जाऊन थांबलो. आत केंद्राध्यक्षांनी मशीनवर एकूण मतांचं बटण दाबलं. आकडा आला आठशे सत्त्याण्णव. रजिस्टरमध्ये सह्या आठशे सत्तेचाळीस. ताईंच्या कागदावर, पाच-पाचच्या रेघोट्यांत, आठशे सत्तेचाळीस. केंद्राध्यक्ष म्हणजे पेठकडचे एक तरुण मास्तर, पहिल्यांदाच या कामावर आलेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. झालं असं होतं की, मतदानाआधी सकाळी एजंटांसमोर पन्नास खोटी मतं टाकून मशीन तपासतात. ती नंतर मशीनमधून पुसायची असतात. गडबडीत मास्तर ती पुसायला विसरले होते.

आमदारांचे एजंट बाळूनाना उदार मनाने म्हणाले, "लिहून टाका सायब सत्त्याण्णव. पन्नासनं कोन मरतंय?" खिडकीशी जमलेली आमची पोरंही म्हणाली, "हा, लिहा लिहा, मिटवून टाका!" दोन्ही पक्षांचं एवढं एकमत आमच्या गावात पहिल्यांदाच झालं. फक्त ताई उठून उभ्या राहिल्या.

"डोकी आठशे सत्तेचाळीस. मंग ही पन्नास चढली कुठून?"

मास्तर हात जोडायच्या बेतात आले. "ताई, माझी नोकरी जाईल."

"नाय जायची. चुकलं त्ये लिहून द्या. लिवल्यानं चूक लहान व्हती, झाकल्यानं फुगती." मास्तरांनी वरिष्ठांना फोन लावला, सगळं जसंच्या तसं लिहिलं, एजंटांच्या सह्या घेतल्या. प्रत्येक मतामागे मशीनशेजारच्या डब्यात एक छापील चिठ्ठी पडते. सकाळच्या खोट्या मतांच्या चिठ्ठ्या मात्र मास्तरांनी नियमाप्रमाणे वेगळ्या पाकिटात सील केल्या होत्या. ताईंनी तेही लिहून घेतलं.

निकालापर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. कुणीतरी तालुक्याहून बातमी आणली की अशी खोट असलेलं मशीन मोजणीच्या वेळी बाजूला ठेवतात. आघाडी मोठी असली तर ते मोजतच नाहीत. झालं! गावभर बोंब उठली. एवढ्या बायाबापड्या लागवड सोडून आल्या, आणि गावाचं मतच जाणार! कुणी म्हणालं, ताई फितल्या. कुणी म्हणालं, "कंडक्टरबाईनं गावाची गाडी डेपोतच लावली." दळण आणायला गेल्या तर गिरणीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मलासुद्धा मनातून वाटलं, की एवढं ताणायला नको होतं. हे आज लिहिताना लाज वाटते. त्यांना मी ते बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपली मतं खरी हायेत ना? मंग खोट्याच्या मांडीवर कशाला बसवायची?" पण रात्रीचं जेवण त्यांनी तसंच झाकून ठेवलं, हे मी पाहिलं.

मोजणीच्या दिवशी आम्ही दोघं सभागृहात जाळीच्या अलीकडे बसलो. आमचं मशीन टेबलावर आलं आणि त्यांनी ते खरंच उचलून बाजूला ठेवलं. ताईंनी पदर घट्ट ओढून घेतला. फेरीमागून फेरी वैशालीताई मागे, मग जवळ, मग पुन्हा मागे. शेवटची फेरी संपली तेव्हा त्या दोनशे बारा मतांनी मागे होत्या. बाहेर आमदारांचा गुलाल उधळू लागला, डीजे सुरू झाला. बाळूनाना आमच्याकडे वळून म्हणाले, "चला शकूताई, उतरा आता."

तेवढ्यात माईकवरून घोषणा झाली. फरक दोनशे बाराचा आणि बाजूला ठेवलेल्या मशीनमधली मतं त्याहून जास्त, तेव्हा त्या केंद्राच्या चिठ्ठ्या हाताने मोजल्या जातील. सगळ्या मतदारसंघाचा निकाल आमच्या गावावर येऊन थांबला होता!

बाळूनाना उसळले. "त्यात खोट्या चिठ्ठ्या मिसळल्यात! रद्द करा!" अधिकाऱ्यांनी नोंदींचे कागद काढले. ताई जाळीला नाक लावून म्हणाल्या, "सायब, मोजा. आठशे सत्तेचाळीस निघतील. एक कमी नाय, एक जास्त नाय. जास्त निघाली तर मी आत्ता घरी जाते." मी त्यांचा हात दाबला. एवढी पैज कशाला, असं मला वाटलं.

चिठ्ठ्यांचा डबा उघडला. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे होऊ लागले. ताईंचे ओठ हलत होते. तेहतीस गठ्ठे झाले, आणि उरलेल्या सुट्या चिठ्ठ्या मोजणाऱ्याने एकेक करून टेबलावर ठेवल्या. वीस, एकवीस, बावीस. डबा उलटा करून दाखवला. रिकामा. आठशे सत्तेचाळीस!

मग उमेदवारवार वाटणी. वैशालीताईंना पाचशे एक्केचाळीस, आमदारांना दोनशे सहासष्ट, बाकी इतरांना. मी कागदावर वजाबाकी करायला घेतली. ताईंनी तोंडीच करून सांगितलं, "त्रेसष्ट. त्रेसष्टनं आलो आपन." मी सभागृहाचे सगळे नियम विसरून ओरडलो. पोलिसाने मला दटावलं आणि स्वतःच हसला. बाहेरचा डीजे मध्येच बंद पडला, आणि पाचव्या मिनिटाला आमच्या पोरांनी तोच डीजे ठरवून टाकला! सही करताना बाळूनाना ताईंना म्हणाले, "तुमची मोजणी मानली." मनापासून म्हणाले. हरलेल्या माणसाला हे जमणं सोपं नसतं.

वैशालीताईंनी आपल्या गळ्यातला पहिला हार काढून शकूताईंच्या गळ्यात घातला. ट्रॅक्टरवरून आम्ही गावात शिरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि रस्ता गुलालाने लाल झाला होता. फितली म्हणणारेच सगळ्यात पुढे नाचत होते. गिरणीवरच्या बायकांनी ताईंना ओवाळलं. ताई हसत होत्या, सगळ्यांच्या पाया पडण्याला नको नको म्हणत होत्या.

तेवढ्यात गर्दीतून यमुनाबाई काठी टेकत पुढे आल्या. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या. निकाल काय लागला हे त्यांनी विचारलंच नाही. ताईंचं मनगट धरून म्हणाल्या, "शकू, लोक म्हनत व्हते आपली मतं मोजायची नाय. माझं निघालं का गं?"

कोणाची चिठ्ठी कोणती, हे जगात कुणालाच सांगता येत नाही. ताईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"निघालं, यमुनाबाय," त्या म्हणाल्या. "मी सोता पाह्यलं." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना रडू आवरेना.