मीठ, कोळसा आणि सोळा तारा

बंगळुरूच्या दादाशी फोनवरच्या गप्पा चार वर्षांपूर्वीच संपल्या. त्याचे कान गेले. यंत्र लावूनही शब्द कळेनात, मग तो चिडायचा आणि "बरं, ठेवतो" म्हणायचा. मेसेजला तो गप्पा मानत नाही. पण दादा जुना हौशी रेडिओवाला. मोर्सच्या ठिपके-रेघांची शिट्टी त्याला अजून स्वच्छ ऐकू यायची. म्हणून निवृत्तीनंतर मी मोर्स शिकलो, परवाना काढला आणि बाग सेवनिया वस्तीतल्या आमच्या अंगणात पाच मीटर उंच अँटेना उभा केला.

दादाचा सिग्नल मला खणखणीत यायचा, माझा त्याला पोचेना. दर रविवारी सकाळी तो मला हाक मारायचा, मी उत्तर द्यायचो, आणि तो बिचारा पुन्हा तीच हाक मारायचा.

मी तीस वर्षं कारखान्यात विजेचं काम केलेलं. अर्थिंग कमी पडतंय, हे निदान जागच्या जागी केलं. पुरुषभर खोल खड्डा खणून घेतला, मीठ-कोळशाचे थर दिले, मधे तांब्याची पट्टी सोडली आणि रोज दोन बादल्या पाणी ओतू लागलो. रविवारी दादाची पुन्हा तीच हाक. मी आणखी एक पोतं मीठ आणलं.

बायको इंदूरची, जन्मभर शाळेत फिजिक्स शिकवलेली. अँटेनासोबत आलेलं पुस्तक मी उघडलंही नव्हतं. तिने ते वाचून काढलं होतं.

"अहो, तो गड्ढा बुजवा आधी," ती म्हणाली. "कारखान्यात करंट जमिनीत पळवून लावायचा असतो. इथे तो परत यायला पाहिजे. हा खांब म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा जमीन. आणि आपली जमीन सुकी मुरमाड, करंट खाऊन नुसती गरम होते. बुडापासून चारी बाजूंना तारा पसरा, त्या त्याला परत आणतील."

"किती खोल पुरायच्या?"

"पुरायच्या कशाला? गवतावर टाकल्या तरी चालतात."

इथे मला खरोखर राग आला. गवतावर टाकलेली तार म्हणे अर्थिंगपेक्षा भारी! दोन रविवार मी हेका सोडला नाही. पडलो तरी नाक वर. तिसऱ्या रविवारी हाका मारता मारता दादा थांबला आणि त्याने रोमन अक्षरांत नुसतं विचारलं, "आहेस ना रे?" मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी जुन्या वायरिंगच्या तारा काढल्या. पाच-पाच मीटरचे सोळा तुकडे सायकलच्या आऱ्यांसारखे पसरले आणि त्यांची टोकं खांबाच्या बुडाशी, रेडिओकडून येणाऱ्या केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीला जोडली. बायकोने केसांचे आकडे खोचून ते गवतात बसवले. शेजारचे भाईसाहब कुंपणावरून म्हणाले, "दिवाली से पहले ही रंगोली?"

रविवारी दादाने हाक मारली. मी उत्तर दिलं. आणि आली ठिपके-रेघांची सरबत्ती: "इतके दिवस होतास कुठे?" पाऊण तास बोललो आम्ही. शेवटी मी त्याला मीठ-कोळशाची हकीकत सांगितली. उत्तरात चार ठिपके, दोन ठिपके, पुन्हा चार, पुन्हा दोन. रेडिओवाले असेच हसतात. थांबेचना. मी डोळे पुसत बायकोला बोलावलं. "ऐक," म्हटलं, "हसतोय बघ तो."