आत्याच्या घशातला ठिपका

माझी आत्या तासभर गप्प बसली नाही, म्हणून आम्हाला वाटलं कॅन्सर घशात गेला.

आज तिला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस लिहवत नव्हतं.

आत्या कामोठ्यात दहावीच्या मुलांना सायन्स शिकवायची. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सगळं नीट चाललंय असं वाटत असतानाच पाठ दुखायला लागली. रोग पसरलाय का, हे बघायला डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला.

माझा जीव टांगणीला. आणि ही रिक्षात मला शिकवतेय.

इंजेक्शनमधून किंचित रेडिओअॅक्टिव्ह साखर देतात म्हणे. कॅन्सरच्या पेशी हावऱ्या, त्या जास्त साखर ओढतात. जिथे साखर जमते, तिथे चित्रात उजेड दिसतो.

"मेंदू सगळ्यांचाच चमकतो," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल मला शंका आहे."

इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. जो स्नायू काम करतो, तोही साखर ओढतो. टेक्निशियनने बजावलं होतं. मला आत सोडलं नाही.

रिपोर्ट आला. मणक्यात दोन ठिपके. आणि घशात एक, चांगला ठळक.

मणक्यासाठी मनाची तयारी होती. घसा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

डॉक्टरांनी घशाचं चित्र मोठं करून बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, इंजेक्शननंतर बोलत होतात का?"

जन्मभर पोरांना गप्प बसवणाऱ्या बाईने मान खाली घातली.

"थोडंसं."

"म्हणजे किती?"

"तासभर."

झालं होतं असं. पडद्यापलीकडे मोरा बंदराजवळची एक मासे विकणारी बाई होती. एकटीच आलेली. सुई टोचल्यावर रडायला लागली. "ताई, मी घरी जाते. मना काय कललं नाय."

आत्या तिला म्हणाली, "तू अजिबात बोलू नकोस, तुझा स्कॅन बिघडेल. नुसतं ऐक."

आणि हिने तिला तासभर सगळा धडा शिकवला. स्वतःचा स्कॅन बिघडेल हे पक्कं माहीत असताना!

मी खूप चिडले होते. नंतर घशाची तपासणी झाली. घसा स्वच्छ निघाला. मणक्यातलं मात्र खरं होतं.

त्यानंतरही तिने दोन बॅचेस शिकवल्या. शेवटच्या महिन्यात आवाज अगदी बारीक झाला, तरी प्रश्न विचारायचीच. हे औषध पेशीला ओळखतं कसं? मला उत्तरं येत नसत. आता वाचत बसते.

ते चित्र माझ्याकडे आहे. मणक्याकडे मी बघत नाही. घशाकडे बघते.

आत्याचे फोटो पुष्कळ आहेत. ती बोलत होती, याचा फोटो हा एकच.

आत्या, आता कुणी गप्प बस म्हणणार नाही.

तुला मनापासून नमस्कार.