आलाशुआची शिवण

उत्तर ध्रुवाकडच्या त्या गावात आलाशुआला कुणाचीच शिवण पसंत नव्हती. सुनेने शिवलेला सीलच्या कातड्याचा बूट ती दोन बोटांत धरायची आणि म्हणायची, "यातून पाणीच काय, अख्खा सील आत शिरेल."

नवऱ्याला, इपीलीला, तर ती खिजगणतीतही धरत नव्हती. साठीनंतर त्याला एक खूळ लागलं होतं. बर्फावरच्या उन्हात घालायचा कॅरिबू हरणाच्या शिंगाचा चष्मा, काचेच्या जागी नुसती आडवी फट असलेला, तो घरातही लावून बसायचा.

"छपराखाली बर्फ पडतोय का रे? की माझं तोंड बघून डोळे दिपतात?"

"याच्यातनं पत्ते नीट दिसतात."

"दिसतात म्हणे! मग रोज हरतोस कसा?"

गेल्या वर्षी दक्षिणेकडून डोळ्यांची डॉक्टरीण आली होती. पन्नास वर्षं बर्फावरचं ऊन सोसून दोघांचीही बुबुळं धुरकटलीत, असं तिने सांगितलं. इपीली गुमान मान डोलवत बसला. आलाशुआ म्हणाली, "याची असतील. माझे टाके बघ आधी, मग बोल," आणि उठून चालती झाली. कालची पोर, सुई धरता येत नाही, आणि म्हणे आलाशुआला शिकवणार!

मे महिना होता. इपीली उद्या सीलच्या शिकारीला निघणार होता आणि त्याचे नवे बूट तिने सकाळीच पुरे केले होते. या दिवसांत बर्फावर पाणी साचतं. ते बुटात शिरलं की पायाची बोटं गारठून झडतात. पण आलाशुआच्या टाक्यातून आजवर थेंब गेला नव्हता.

सून चहाला आली तेव्हा नवऱ्याची नक्कल करायची आलाशुआला लहर आली. टेबलावरचा चष्मा तिने चढवला, मान ताठ केली आणि एक बूट खिडकीच्या उजेडात धरला. "हं, वाटा पत्ते!"

सून खो खो हसली. आलाशुआने मात्र बूट डोळ्यांजवळ ओढला. फटीतून एकेक टाका लख्ख दिसत होता. तळव्याजवळची शिवण वाकडी गेली होती, आणि एका जागी तर टाकाच नव्हता. करंगळी जाईल एवढं भोक.

"काय झालं, सासूबाई?"

"काही नाही. चहा पी आणि घरी जा."

सून गेल्यावर तिने शिवण उसवायला घेतली. इतक्यात इपीली आत आला आणि तिच्यापासून तीन पावलांवर उभा राहून टेबल चाचपू लागला.

"माझा चष्मा बघितलास का गं?"

"नाही," ती चष्म्याआडून म्हणाली. "दुसरा कोरून घे."