रिकाम्या ताटावरचा हेर

तुमच्या दारासमोरचं बाकडं कोणी उपटून न्यायला निघालं, तर तुम्ही काय कराल? सह्या गोळा कराल? उपोषणाला बसाल? बसा खुशाल. बाकडं जाईल, सह्या राहतील. पोलंडातल्या वूच शहरात लुद्विकाबाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी हेर पाठवला.

लुद्विकाबाईंचा उभा जन्म ट्राम हाकण्यात गेला. गुडघे कामातून गेलेले, घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. बाजारातून आलं की बाकड्यावर टेकायचं, दम खायचा, मग जिने चढायचे. बाकडं गेलं की बाई घरात कोंडली. आणि नेमकी तीच जागा शेजारच्या जिन्यावर राहणाऱ्या झेनॉनरावांना गाडी लावायला हवी होती. हे आगीच्या बंबावरून निवृत्त झालेले. सोसायटीच्या सभेत मतं समसमान पडली, दोन छत्र्या मोडल्या. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, खाली जा आणि खेळून काय तो निकाल लावा.

खाली म्हणजे तळघरात. तिथे एक जुना कॉम्प्युटर, त्यावर राज्याराज्यांचा खेळ. आज एकाची चाल, उद्या दुसऱ्याची. एक खेळतो तेव्हा त्याची चाल दिसू नये म्हणून बाकीच्यांनी खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड करायचं. हिवाळाभर अख्खी इमारत अशी भिंतीकडे बघत बसते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

खेळातले बाईंचे पहिले दोन हेर झेनॉनरावांच्या राज्यात फुकट मेले. गेल्या गेल्या एकाने विहीर बुजवली, दुसऱ्याने घोडे पळवले, दोघेही लटकले. झेनॉनरावांनी विहीर उपसली, नवे घोडे घेतले, पहारा वाढवला. तेव्हा बाईंना ट्राम आठवली. दरवाजाशी घुटमळणाऱ्याला तिकीट तपासनीस हटकून पकडायचा. डबा उघडून काकडीचं लोणचं खात बसलेल्याला कोणी विचारत नसे. तिसरा हेर त्यांनी व्यापाऱ्यांच्या तांड्यातून झेनॉनरावांच्या राजधानीत धाडला आणि नुसता बसवून ठेवला. त्याने फक्त धान्याचं कोठार बघून ठेवलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, अगं, जाळ की ते. बाई म्हणायच्या, आज जाळलं तर उद्या तो नवं बांधेल. आधी माझी फौज वेशीपाशी जाऊ दे. आणखी एक हेर त्यांनी स्वतःच्याच राजधानीत ठेवला, झेनॉनरावांचा माणूस आला तर धरायला.

फौज वेशीला भिडली. आणि नाताळच्या आदल्या दिवशी, झेनॉनरावांच्या चालीत, हेर सापडला. फाशी, हकालपट्टी की राहू द्यायचं, खेळाने विचारलं.

आता त्या संध्याकाळी पोलंडात प्रत्येक टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. दारी आलेल्या कुत्र्यालाही हाकलत नाहीत. तळघरातही बिटाचं सार, तळलेला मासा आणि ते रिकामं ताट मांडलेलं होतं. झेनॉनरावांनी त्याकडे पाहिलं आणि हेराला राहू दिलं. वर सगळ्यांना आपल्याकडे तोंड फिरवायला लावून मोठेपणाने सांगितलंही, "लुद्विकाबाई, तुमचा माणूस सापडला. आज पाहुणा आहे म्हणून सोडला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या दोघांचे डोळे पाणावले. बाईंनी मासा तसाच ताटात ठेवला.

नाताळचे दोन दिवस सुट्टी. तिसऱ्या दिवशी चाल बाईंची. सकाळी त्या बाजारातून आल्या, बाकड्यावर टेकल्या आणि वरच्या चार मजल्यांकडे बघत राहिल्या. मग तळघरात जाऊन त्यांनी कोठार पेटवलं. उपाशी राजधानी पुढच्याच चालीत पडली. जन्मभर आगी विझवलेला माणूस पडद्यावरच्या धुराकडे बघत राहिला.

"माझ्या ताटावर बसवला, आणि माझंच कोठार?"

"झेनॉनराव, ताट रिकामं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाढलंत काय त्याला?"

यावर इमारतीत महिनाभर वाद चालला. पाद्रीबाबांना विचारलं, तर ते म्हणाले, मला यात ओढू नका. बाकडं मात्र राहिलं. झेनॉनराव रोज त्याच्या डाव्या टोकाला येऊन बसतात, बाईंशी बोलत नाहीत. पुढच्या नाताळला त्यांनी जास्तीच्या ताटात मासा, बटाटे, वर खसखशीचा केक असं शिगोशीग वाढून ठेवलं. जोखीम नको.

वूचला गेलात तर त्या बाकड्यावर जरूर टेका. फक्त काहीतरी खात बसा, नाहीतर झेनॉनराव तुम्हाला हेर समजून धरतील.