शेवटच्या कापाआधीची तंबाखू

आम्ही विरारचे फ्लॅटवाले. रविवारी बूट घालून तुंगारेश्वरच्या डोंगरात जायचं, पायवाटांवर आडवी पडलेली झाडं बाजूला करायची आणि सोमवारी ऑफिसात हातांवरचे फोड दाखवत फिरायचं, एवढाच आमचा पराक्रम. खरं काम करायचे ते दोन म्हातारे. एक गास गावचे धर्माकाका, भातशेतीवाले. दुसरे पापडी गावचे बॅप्टिस्ट अंकल, केळीच्या वाडीवाले. चाळीस वर्षं दोघं मिळून एकच करवत चालवत आले होते, दोन्ही टोकांना मूठ असलेली. ती फक्त आपल्याकडे ओढायची. ढकलली की पातं वाकतं. आमच्यापैकी कुणी हौसेने मूठ धरली की काका म्हणायचे, "सोड रे बाबा, रडवतोस तिला."

शेवटचा काप घालायच्या आधी मात्र दोघं काम थांबवून लांब जाऊन बसायचे. अंकल खिशातली डबी काढायचे, तंबाखू मळायचे, अर्धी काकांच्या हातावर ठेवायचे. मग दोघं मुकाट्याने त्या झाडाकडे बघत राहायचे. आम्ही मागे घड्याळं बघत चडफडायचो. झाड कुठे टेकलंय, त्याच्याखाली काय दबलंय, खोड सुटल्यावर काय उसळेल, हे सगळं त्या पाच मिनिटांत ठरायचं, हे आम्हाला कधी कळलंच नाही. आम्हाला ती म्हाताऱ्यांची चैन वाटायची. गाढव होतो.

सप्टेंबरात अंकलच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. त्यांची लेक रोशनी नर्स आहे. तिने बापाला सरळ चर्चमध्ये नेलं आणि तंबाखू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. अंकलनी ते छाती फुगवून धर्माकाकांना सांगितलं. काकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मंग मी पन सोडली. तू बघत बसशील नि मी खाईन, असा होयाचा नाय."

मग डिसेंबरात, नाताळ दहा दिवसांवर असताना, ते अवकाळी वादळ आलं. पुढच्या रविवारी आम्ही वनखात्याची परवानगी घेऊन डोंगरात गेलो, तर वाट ओळखू येईना. दोघांनी दुपारपर्यंत तीन झाडं कापली. एकदाही बसले नाहीत. आम्ही खूश. चौथं झाड म्हणजे जुना ऐन, वाटेवर आडवा. खोडात चार बोटं लाकूड उरलं तेव्हा अंकल थांबले.

"धर्मा, बसायचा का जरा?"

काकांना वाटलं, याला तलफ आली. बसला की आठवण येणार, शपथ मोडणार. म्हणाले, "नको. याला उडवू नि घरीच जाऊ."

ऐनाखाली एक कोवळं झाड कमानीसारखं वाकून दबलेलं होतं. पाच मिनिटं बसले असते तर ते दोघांपैकी एकाला नक्की दिसलं असतं. खोड सुटलं, गडगडलं, आणि ते झाड उसळून अंकलच्या छातीवर बसलं. ताडपत्रीची झोळी करून आम्ही त्यांना खाली आणलं. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच ते गेले.

महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी काकांना बाइकवरून पापडीला घेऊन गेलो. वाटेत त्यांनी मला बजावलं, "पोरीनं विचारला तर सांगायचा, काका घाईत होता. तंबाखूचा चकार शब्द काढायचा नाय. तिनं सोडवली म्हनून आमी बसलो नाय, हा तिला कळला तर ती जन्मभर जळंल." मी मान हलवली. काका मिस्साभर मागच्या बाकावर बसले आणि रोशनीची नजर चुकवून निघाले.

पण संध्याकाळी ती स्वतःच गासला आली. आम्ही काकांच्या ओट्यावर बसलो होतो. तिने पर्समधून अंकलची डबी काढून काकांपुढे ठेवली.

"हॉस्पिटलने कपड्यांसोबत दिली होती, काका. महिनाभर उघडायचा धीर झाला नाही. अर्धी रिकामी आहे. शपथ घेऊन मला फसवत होते." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "तुमच्यासोबतच खायचे ना?"

काका डबीकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता 'हो' म्हणतील आणि सुटतील. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो, म्हणा. पण त्यांच्याच्याने ते झालं नाही.

"त्या दिवशी त्यानं विचारला, बसायचा का. मला वाटला, तलफ आली. मीच नको बोललो." त्यांनी डबीवर बोट ठेवलं. "नि डबी तर खिशातच होती. मंग माझ्यासमोर काढली का नाय गं त्यानं?"

 रोशनी खाली ओट्याच्या पायरीवर बसली.

"तुम्ही त्यांच्यासाठी सोडलीत ना, काका. तुमच्यासमोर कशी काढणार होते?"

काकांनी घरात नजर टाकली. त्यांची बायको, हंसाकाकू, चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. काकांनी कमरेला खोचलेली तंबाखूची पुडी काढली आणि डबीच्या शेजारी ठेवली. तीही अर्धी संपलेली होती.

"मी तरी कुठं सोडली होती, पोरी," काका म्हणाले.